पदवी आणि भाषा : सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चरित्र

आपल्या ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात अलीकडे एक नवीन गोष्ट पाहावयास मिळते. पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर येणाऱ्या मुलामुलींचा परिचय करून देताना पूर्वी परीक्षेचे नाव व मिळालेले गुण एवढेच वाचून दाखवीत असत. आता त्यापुढे जर्मन भाषेची अमुक पातळी, जपानीची तमुक परीक्षा, फ्रेंचची पदविका अशी पुरवणी जोडलेली असते. याचे कारण उघड आहे. आपली बहुतेक कुटुंबे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, तळेगाव आणि चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यात स्थायिक झालेली आहेत. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून हा पट्टा वाढतच गेला; आणि २००९ साली फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना चाकणास सुरू झाल्यावर तर जर्मन भाषेचे नाव आपल्या घरांतून वरचेवर कानी पडू लागले. यंत्रशास्त्राची किंवा वाणिज्याची पदवी हाती असून त्या देशाची भाषाही ज्यास येते, त्यास चार पावले पुढे टाकता येतात, हे आपल्या तरुणांनी बरोबर ओळखले आहे.

परंतु आईबापांच्या मनात मात्र एक शंका राहते, आणि सेवानिवृत्त शिक्षक म्हणून ती माझ्याकडे पुष्कळदा येते. पदवीचा अभ्यास चालू असताना मुलाने भाषेचा वर्ग धरावा की धरू नये? एक ना धड भाराभर चिंध्या, असे तर व्हावयाचे नाही ना? या शंकेचे उत्तर मी माझ्या अल्प बुद्धीने देण्यापेक्षा ज्यांनी ते आपल्या आयुष्याने देऊन ठेवले आहे, अशा एका थोर पुरुषाचे चरित्रच स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे मनात आले. ते पुरुष म्हणजे आपल्या सारस्वत समाजाचे भूषण सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होत. पुण्यातील त्यांच्या नावाच्या संस्थेवरून आपण कितीदा तरी जातो. पण त्या नावाचा गृहस्थ विद्यार्थिदशेत काय करीत होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवण येथे झाला. वडील गोपाळराव हे महसूल खात्यात कारकून होते. घरची स्थिती बेताची. परंतु मुलांनी शिकावे अशी वडिलांची इच्छा होती. १८४७ च्या सुमारास वडिलांची बदली रत्नागिरीस झाली, आणि ही बदलीच मुलाच्या भाग्योदयास कारण झाली असे म्हणावयास हरकत नाही. कारण रत्नागिरीस सरकारी इंग्रजी शाळा होती. तेथील अभ्यासक्रम पुरा करून १८५३ साली हा सोळा वर्षांचा मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. कोकणातून मुंबईस जाणे म्हणजे त्या काळी समुद्रप्रवास. आज आपली मुले कोल्हापूरहून किंवा सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी चिंचवडास उतरतात, त्यांना त्या प्रवासाची कल्पना येणे कठीण आहे. एल्फिन्स्टनमध्ये त्यांना दादाभाई नौरोजींसारखे गुरू लाभले. दादाभाई तेथे गणित शिकवीत आणि १८५५ साली विलायतेस गेले. त्यापूर्वी त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य ज्या विद्यार्थ्यांना मिळाले, त्यांत भांडारकर होते.

१८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. आपल्याकडे पदवी ही गोष्टच तोपर्यंत नव्हती. एल्फिन्स्टनमधील शिक्षण संपवून भांडारकर तेथे दक्षिणा फेलो झाले होते, आणि आता या नव्या विद्यापीठाच्या परीक्षा देऊन पदवी मिळविण्याचा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा झाला.

हे दक्षिणा फेलो म्हणजे काय, ते येथे थोडे सांगितले पाहिजे. कारण त्या शब्दाचा आपल्या या परिसराशी अगदी निकटचा संबंध आहे. सेनापती दाभाडे यांच्या घराण्याने तळेगावास श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा प्रघात पाडला होता. दूरदूरचे शास्त्री-पंडित त्यासाठी तळेगावास येत. १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे धारातीर्थी पडले आणि त्यानंतर दक्षिणेचा हा प्रघात पेशव्यांनी पुण्यास चालविला. १८१८ साली पेशवाई बुडाली, तरी एल्फिन्स्टनसाहेबांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. त्या निधीतूनच १८२१ साली पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. हीच पाठशाळा पुढे पुणे कॉलेज झाली आणि १८६४ पासून डेक्कन कॉलेज या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे दक्षिणेतील काही रक्कम ग्रंथकर्त्यांस बक्षिसे देण्याकडे व काही हुशार तरुणांस वेतन देऊन अध्ययन-अध्यापनास ठेवण्याकडे वळविण्यात आली. असे वेतन मिळविणारा तो दक्षिणा फेलो. तेव्हा तळेगावाच्या ओसरीवर जी ओंजळ पंडितांच्या पदरात पडू लागली, तिचाच एक थेंब सव्वाशे वर्षांनी मालवणच्या एका कारकुनाच्या मुलास शिकण्यासाठी मिळाला. आज तळेगावास राहणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी.

फेलो म्हणून भांडारकर मुंबईस व पुण्यास राहिले. याच वेळी त्यांच्या आयुष्यास वळण देणारी घटना घडली. विद्याखात्याचे त्या वेळचे प्रमुख हॉवर्ड यांनी त्यांना संस्कृतचा अभ्यास करण्यास सुचविले. आज आपणास वाटेल की, ब्राह्मणाच्या मुलास संस्कृत शिकण्यास साहेबाने सांगावे, हे नवलच! परंतु तेव्हाच्या शिक्षणाची घडी लक्षात घेतली म्हणजे नवल वाटत नाही. इंग्रजी शाळेत गेलेला मुलगा इंग्रजी, गणित, इतिहास व शास्त्रे शिके. संस्कृत शिकावयाचे तर शास्त्रीबोवांच्या घरी बसून वेगळे आयुष्य काढावे लागे. नवी विद्या व जुनी विद्या यांची घरेच निराळी होती आणि एका घरातील माणूस सहसा दुसऱ्या घराचा उंबरठा ओलांडीत नसे.

भांडारकरांनी तो ओलांडला. एका बाजूस विद्यापीठाच्या पदवी-परीक्षेची तयारी, दुसऱ्या बाजूस फेलो म्हणून अंगावर असलेले काम, आणि त्यातच पुण्याच्या शास्त्र्यांजवळ संस्कृतचे अध्ययन, असा त्यांचा क्रम चालू झाला. वय विशी उलटून गेलेले. या वयात रूपे पाठ करणे किती जड जाते, ते ज्यांनी मोठेपणी नवी भाषा हाती घेतली त्यांनाच समजेल. बालपणी पाठांतर आपोआप होते. मोठेपणी बुद्धी प्रत्येक पावलाला का म्हणून विचारीत राहते. शास्त्र्यांची रीत तर अशी की, आधी सारे मुखोद्गत करावे, अर्थ मागाहून उलगडेल. इंग्रजी पद्धतीत वाढलेल्या तरुणास ही रीत प्रथम जाचक वाटली असल्यास आश्चर्य नाही. पण भांडारकरांनी ती टाकली नाही आणि आंधळेपणाने स्वीकारलीही नाही. व्याकरणाची काटेकोर शिस्त त्यांनी शास्त्र्यांपासून घेतली. तुलना करणे, कालक्रम लावणे, पुरावा तपासणे ही दृष्टी त्यांनी नव्या शिक्षणातून घेतली. दोन्ही अभ्यास एकाच वेळी चालू होते म्हणूनच या दोन रीतींची गाठ एका डोक्यात पडली. एक पुरा संपवून दहा वर्षांनी दुसरा धरला असता, तर ती गाठ तशी पडली असती की नाही, याची मला शंका आहे.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चार नावे होत. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८६३ साली, भांडारकर एम.ए. झाले. जोड अभ्यासामुळे पदवी मागे पडली नाही, हे या सनांवरूनच स्पष्ट होते.

पुढे १८६४ साली सिंधमधील हैदराबादेच्या व १८६५ साली रत्नागिरीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापकपद त्यांनी सांभाळले. ज्या रत्नागिरीच्या शाळेत विद्यार्थी म्हणून बसले, तेथेच मुख्याध्यापक म्हणून गेले. माझ्यासारख्या मॅट्रिक होऊन शाळामास्तरकीत जन्म घालविलेल्या मनुष्यास त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत जवळचा वाटतो. कारण या शाळामास्तरकीच्या काळातूनच त्यांची संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके निर्माण झाली. पहिले मार्गोपदेशिका आणि दुसरे मंदिरान्तःप्रवेशिका. स्वतः मोठेपणी संस्कृत शिकताना ज्या ज्या ठिकाणी ठेच लागली, तेथे तेथे त्यांनी मागून येणाऱ्या मुलांसाठी पायरी बांधली. प्रत्येक पाठात थोडे नियम, थोडे शब्द, मग त्याच नियमांवर बेतलेली वाक्ये भाषांतरासाठी. प्रथम संस्कृतातून, मग संस्कृतात. आज कोणत्याही परकीय भाषेचे पहिले पुस्तक उघडावे, बहुधा हीच मांडणी दिसेल. या पुस्तकांवर महाराष्ट्रातील व बाहेरील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या आणि अजूनही ती छापली जातात. जो स्वतः कष्टाने शिकला, तोच दुसऱ्याचे कष्ट हलके करू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१८६८ साली ते एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. त्यांच्या आधी ही जागा डॉक्टर ब्यूलर या जर्मन पंडिताकडे होती. भांडारकर काही वर्षे ते काम उत्तम प्रकारे करीत होते. इतक्यात १८७३ साली त्या जागेवर पीटर पीटरसन या विलायतेहून आलेल्या गृहस्थाची कायम नेमणूक झाली आणि भांडारकरांस त्यांच्या हाताखाली दुय्यम म्हणून राहावे लागले. ज्याने भाषा रक्त आटवून मिळविली, त्याने खाली बसावे आणि दुसऱ्याने वरच्या खुर्चीवर बसावे, हा अन्याय त्या वेळी अनेकांस डाचला. पण भांडारकरांनी रागाने काम सोडले नाही. त्यांनी या वर्षांत जे लिहिले, तेच त्या अन्यायाला उत्तर ठरले.

या लेखनाची सुरुवात कशी झाली, तेही ऐकण्याजोगे आहे. १८७० च्या सुमारास एका पारशी गृहस्थाने एक जुना ताम्रपट त्यांना वाचावयास दिला. संस्कृत येत होते, पण त्यावरील प्राचीन लिपी येत नव्हती. दुसरा एखादा म्हणाला असता की, ही लिपी माझ्या विषयात मोडत नाही. भांडारकरांनी ग्रंथालयात जाऊन जुन्या लिप्यांवरील पुस्तके काढली, अक्षर अक्षर जुळविले आणि ताम्रपट लावला. प्राचीन इतिहासाच्या संशोधनात त्यांचे पाऊल पडले ते असे. १८७२ साली पतंजलीच्या काळासंबंधी त्यांनी लेख लिहून महाभाष्याचा कर्ता इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या मध्यास झाला, असे महाभाष्यातील वाक्यांच्याच आधारे दाखविले. आणि वेबरसारख्या नामांकित जर्मन पंडिताशी त्यांचा या प्रश्नावर वाद झाला. १८७४ साली लंडनला प्राच्यविद्या परिषद भरली. घरगुती अडचणींमुळे त्यांना जाता आले नाही, पण नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा त्यांचा निबंध तेथे गेला व वाखाणला गेला. १८७६ साली त्यांनी भवभूतीच्या मालतीमाधवाची टीकेसह आवृत्ती काढली. १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेत त्यांनी सात व्याख्याने दिली. वैदिक संस्कृतापासून पाली, प्राकृत व अपभ्रंश यांच्या मार्गाने आपल्या मराठी-गुजरातीसारख्या भाषा कशा उतरत आल्या, हे त्यांत त्यांनी पायरी पायरीने मांडले. ही व्याख्याने १९१४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. एक भाषा खोलवर शिकली म्हणजे तिच्या पोटातून दहा भाषांचे दरवाजे कसे उघडतात, ते या व्याख्यानांवरून दिसते.

१८८२ साली डॉक्टर कीलहॉर्न यांच्या जागी त्यांची डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून कायम नेमणूक झाली. उशिरा का होईना, न्याय मिळाला. तेथे ते १८९३ पर्यंत होते. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी त्यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला. तत्पूर्वी आपल्या या महाराष्ट्रदेशी शिवकालापूर्वी काय होते, हे सामान्य सुशिक्षितास सांगता येत नसे. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट व यादव यांची सुसंगत हकीकत शिलालेख, ताम्रपट व ग्रंथ यांच्या आधारे प्रथम त्यांनीच मांडली. सरकारच्या वतीने हस्तलिखित पोथ्यांचा शोध घेण्याचे कामही त्यांच्याकडे होते. त्यासाठी गावोगाव हिंडून, भांडारे उघडवून त्यांनी हजारो पोथ्या मिळविल्या व त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. १८८५ साली जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. ही सन्मानाची पदवी अर्पण केली, आणि १८८६ साली ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेस मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले.

येथे क्षणभर थांबून एक गंमत पाहावी. ब्यूलर व कीलहॉर्न हे जर्मन पंडित संस्कृताच्या ओढीने मुंबई-पुण्यास येऊन राहिले. आज आमची मुले चिंचवडाहून लोकलने शिवाजीनगरास उतरून जर्मन शिकण्यासाठी रानडे इन्स्टिट्यूटला किंवा मॅक्समुल्लर भवनला जातात. मॅक्समुल्लर म्हणजे ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढणारे पंडित, आणि रानडे म्हणजे भांडारकरांचे सहाध्यायी व जन्माचे मित्र. भाषेची देवघेव ही अशी दोन्ही बाजूंनी चालत आली आहे. परक्याची भाषा शिकणे म्हणजे त्याची चाकरी पत्करणे नव्हे. त्याच्या बरोबरीने बसण्याची ती तयारी होय.

भांडारकरांच्या विद्वत्तेचा हा भाग सर्वांस मान्य झाला. पण भाषा शिकण्याचे खरे मोल कोठे कसास लागले, ते अजून सांगावयाचे आहे. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून सारा महाराष्ट्र पेटला होता. अल्पवयीन मुलींच्या रक्षणासाठी आणलेला हा कायदा धर्मशास्त्राविरुद्ध आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. भांडारकरांनी मूळ संस्कृत ग्रंथ काढून, त्यांतील वचने ताडून, विवाहाच्या वयासंबंधी शास्त्राचे खरे म्हणणे काय आहे ते लिहून प्रसिद्ध केले. ज्यास भाषा येत नाही, त्यास शास्त्र काय सांगते हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते आणि दुसरा सांगेल तेच शास्त्र असे मानावे लागते. भांडारकर स्वतः वाचू शकत होते. त्यामुळे त्यांना कोणाच्या भीतीने मान खाली घालावी लागली नाही.

त्याच सुमारास त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह घडवून आणला. सुधारणेवर व्याख्यान देणे निराळे आणि आपल्या घरात ती आणणे निराळे. भल्याभल्यांचे पाय या उंबरठ्यावर अडखळले आहेत. भांडारकर अडखळले नाहीत. समाजातील पुष्कळांचा रोष त्यांनी पत्करला, पण मुलीचे आयुष्य उजाड होऊ दिले नाही. आज आपण त्यांची तसबीर सभागृहात लावतो, जयंतीस हार घालतो आणि समाजाचे भूषण म्हणून अभिमानाने नाव घेतो. तेव्हा त्यांस ज्या कडू शब्दांना तोंड द्यावे लागले, ते परक्यांचे नव्हते, आपल्याच माणसांचे होते, ही आठवणही स्मरणिकेच्या पानात राहिली पाहिजे. ज्ञातिमंडळाने आपल्या थोर पुरुषांचे गुण गावेत, तसा आपल्या जुन्या चुकांचा उच्चारही करावा. त्यात कमीपणा नाही.

भांडारकरांचा धर्मविचारही असाच स्वच्छ होता. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजात ते प्रारंभीच्या वर्षांतच सामील झाले आणि अखेरपर्यंत त्याचे एक आधारस्तंभ राहिले. विशेष हे की, उपनिषदे व गीता मुळातून जाणणारा हा पंडित उपासनेच्या वेळी प्रवचनासाठी तुकोबांचे अभंग घेत असे. म्हणजे आपल्या शेजारच्या देहूची, इंद्रायणीकाठची मराठी वाणी या संस्कृत पंडिताच्या हृदयात घर करून होती. दुसरी भाषा शिकल्याने आपली भाषा दुरावते, असे ज्यांस भय वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१८९३ ते १८९५ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव होते, त्याच्याच सर्वोच्च आसनावर ते बसले. १९११ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९१३ साली वैष्णव, शैव व इतर पंथांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. तेव्हा त्यांचे वय पंचाहत्तरीच्या पलीकडे गेले होते. त्यांच्या शिष्यांनी व चाहत्यांनी त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना केली. डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह पुढे या संस्थेकडे आला. स्वतः भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे सुरू झाले. देशातील निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या जुळवून पाठ ठरविण्याचे हे प्रचंड काम १९६६ साली पुरे झाले. १९१९ च्या नोव्हेंबरात पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. त्यांचे चिरंजीव देवदत्त रामकृष्ण हे प्राचीन इतिहासाचे मोठे संशोधक म्हणून नावारूपास आले. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, वयाची अठ्ठ्याऐंशी वर्षे पुरी झाल्यावर त्यांचे देहावसान झाले. ऋषितुल्य पुरुषास तोच दिवस मिळावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

आता आरंभी घेतलेल्या शंकेकडे वळतो. पदवीबरोबर भाषा शिकावी काय? या चरित्रावरून मला जे समजले ते असे. भांडारकरांनी भाषांची प्रमाणपत्रे गोळा केली नाहीत. त्यांनी एकच भाषा धरली आणि ती तळापर्यंत नेली. पहिली पातळी जर्मनची, पहिली जपानीची आणि पहिली फ्रेंचची, असे तीन ठिकाणी एकेक हात खणल्याने पाणी लागत नाही; एका ठिकाणी तीन हात खणल्याने कदाचित लागेल. जपानीच्या पाच परीक्षांत सर्वांत खालची उत्तीर्ण होणे हा आरंभ आहे, शेवट नव्हे. दुसरे असे की, त्यांनी भाषा आपल्या मुख्य विद्येशी जोडली. यंत्रशास्त्र शिकणाऱ्या मुलाने जर्मन शिकताना आपल्याच यंत्रांची माहिती त्या भाषेत वाचण्याचा हेतू ठेवावा; मग दोन अभ्यास दोन राहत नाहीत. तिसरे, आणि आईबापांनी विशेष लक्षात घ्यावयाचे ते असे की, भांडारकरांना त्या वर्षांत दक्षिणेचे वेतन होते. पोटाची चिंता अर्धी मिटली होती, म्हणून दोन अभ्यास झेपले. जो मुलगा दिवसा कॉलेजात, संध्याकाळी चाकणच्या कारखान्यात पाळीवर आणि रविवारी भाषेच्या वर्गात जातो, त्याला नुसता उपदेश करून चालणार नाही. त्याच्या वर्गाच्या फीचा भार आपण कोणी तरी उचलला पाहिजे.

नियमांची अडचणही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली आहे. दोहोंच्या तासांचा मेळ बसतो की नाही आणि आपल्या विद्यापीठाचा नियम काय, एवढे प्रवेशापूर्वी पाहून घ्यावे म्हणजे झाले.

शेवटी माझा एक अपराध कबूल करतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात असता माझा सल्ला विचारावयास आला होता. त्याला संध्याकाळी पुण्यास जर्मनच्या वर्गास जावयाचे होते. मी त्यास तीच भाराभर चिंध्यांची म्हण ऐकविली आणि पदवी संपेपर्यंत थांबावयास सांगितले. गुरुजींचा शब्द म्हणून त्याने तो मानला. पदवी संपली, नोकरी लागली, लग्न झाले, आणि भाषा राहिली ती राहिलीच. चाकणला परदेशी कारखाने आले तेव्हा तो मला भेटला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण आता त्याच्या मुलीने बारावीनंतर भाषेचा वर्ग धरला आहे, एवढे सांगून तो जरा थांबला, आणि त्या थांबण्यातले मला सर्व समजले. हॉवर्डनी वीस-बावीस वर्षांच्या भांडारकरांस शिक म्हणून सांगितले. मी अठरा वर्षांच्या मुलास थांब म्हणून सांगितले. सल्ला देणाऱ्याच्या एका शब्दाचे वजन किती असते, ते मला फार उशिरा कळले.

म्हणून ज्ञातिमंडळाच्या चालकांस माझी नम्र सूचना आहे. विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी निदान एका होतकरू मुलास किंवा मुलीस पदवीबरोबर भाषेच्या पदविकेची फी द्यावी, आणि त्या साहाय्यास भांडारकरांचे नाव द्यावे. माझ्या सेवानिवृत्तिवेतनातून यथाशक्ती पहिली रक्कम मी चिटणिसांकडे देत आहे. तळेगावच्या दक्षिणेने एकदा एक रामकृष्णपंत घडविला. आपल्या ओंजळीतून कोण घडेल, हे आज सांगता येत नाही. पण ओंजळ पुढे करणे आपल्या हाती आहे.